प्राध्यापकांचा अभ्यासगट: नोंदी कशा ठेवायच्या, चिंतन कसं लिहायचं

महाविद्यालयात फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी, म्हणजे आपल्याच शिकवण्याचा एकत्र अभ्यास करणारा प्राध्यापकांचा गट, सुरू झाली आणि तिच्या नोंदी ठेवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं, की हात आपोआप ओळखीच्या फाईलकडे जातो. सूचना, हजेरीपत्रक, इतिवृत्त, जिओटॅग फोटो, शेवटी अहवाल. ही फाईल लागते, आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) ती मागणारच. पण वर्षअखेरीस ती उघडली तर त्यातून एवढंच कळतं की बैठका झाल्या. कोणत्या वर्गात काय बदललं, का बदललं आणि पुढच्या सत्रात ते टिकलं का, याचा तिच्यात पत्ता नसतो. ते सापडेल अशी दुसरी नोंद पहिल्या दिवसापासून कशी ठेवायची, हे इथे क्रमाने दिलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अशा गटांचा आजचा साचा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात घडला. (नाव मायामी असलं तरी फ्लोरिडातल्या शहराशी त्याचा संबंध नाही.) लिली एन्डाउमेंट या अमेरिकी दानसंस्थेच्या निधीतून १९७९ मध्ये तिथे नव्या प्राध्यापकांसाठी वर्षभराचा कार्यक्रम सुरू झाला आणि मिल्टन कॉक्स यांनी पुढे त्याची पद्धतशीर मांडणी केली. शक्यतो ८ ते १२ सभासद, वेगवेगळ्या विषयांचे. मुदत एक शैक्षणिक वर्ष. साधारण तीन आठवड्यांनी एक बैठक. आणि प्रत्येकाचा आपल्या वर्गातला एक छोटा प्रयोग. गट दोन प्रकारचे असतात. एकात सारख्या टप्प्यावरची माणसं येतात, उदाहरणार्थ नुकतेच रुजू झालेले. दुसरा एखाद्या प्रश्नाभोवती जमतो. आपल्याकडे दुसरा प्रकार लवकर रुळतो, कारण लोकांना 'कशासाठी जमायचं' याचं उत्तर आधी हवं असतं, आणि त्यात चुकीचं काही नाही.

एफडीपीशी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, प्राध्यापकांचं छोटं प्रशिक्षण) याची गल्लत करू नका. एफडीपी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते; तज्ज्ञ बोलतात, आपण ऐकतो, प्रमाणपत्र मिळतं. अभ्यासगटात बाहेरचा तज्ज्ञ नसला तरी चालतं, पण आपल्याच वर्गातून आणलेला माल नसेल तर बैठक रिकामी जाते. नोंदींची पद्धतही त्यामुळेच वेगळी.

पायरी १: कॅलेंडर आणि प्रश्न

तीन आठवड्यांचं अंतर धरलं तरी आपल्या वर्षात सोळा-सतरा बैठका बसत नाहीत. प्रवेश लांबतात, मग गणपती, मग सत्र परीक्षा, दिवाळी, एनएसएसचं शिबिर, स्नेहसंमेलन. जुलै ते ऑक्टोबर पाच आणि डिसेंबर ते मार्च चार किंवा पाच, असा नऊ-दहा बैठकांचा हिशोब प्रामाणिक आहे. तारखा जूनमध्येच वेळापत्रकात घालून घ्या. बैठक ९० मिनिटांची ठेवा आणि ती शेवटच्या तासानंतर ठेवू नका. एसटी किंवा लोकल गाठायची असेल तर शेवटची वीस मिनिटं कुणाचंच लक्ष नसतं, आणि चिंतन लिहायची वेळ नेमकी तीच असते.

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तो वर्गात दिसेल असा असू द्या. 'अध्यापनाची गुणवत्ता वाढवणे' हा प्रश्न नव्हे, ते घोषवाक्य झालं. 'प्रथम वर्षाचे विद्यार्थी "समजलं" म्हणतात तेव्हा त्यांना नक्की काय समजलं, हे तास संपायच्या आत कसं कळेल?' हा चालणारा प्रश्न आहे. वाणिज्य, रसायन, मराठी, अर्थशास्त्र, कोणीही तो आपल्या वर्गात नेऊ शकतं. खालची उदाहरणं याच प्रश्नावर बेतलेली आहेत. त्यांतले आकडे फक्त नमुन्यासाठी आहेत.

पायरी २: दोन दप्तरं, पहिल्याच दिवशी

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो पहिल्या बैठकीआधी व्हायला हवा.

पहिलं दप्तर बाहेरचं. त्यात सूचना, हजेरी, बैठकीची एक पानाची नोंद, वर्षअखेरचा अहवाल. हे प्राचार्य, विभागप्रमुख, आयक्यूएसी, नॅक या महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची समिती, कुणीही पाहिलं तरी हरकत नाही.

दुसरं दप्तर आतलं. प्रत्येक सभासदाची स्वतःची चिंतनाची वही, वर्गातून आणलेले नमुने, अर्धवट कल्पना, फसलेले तास. हे गटाबाहेर जात नाही. वही तर गटालाही आपोआप दिसत नाही. ज्याने लिहिली तो हवा तेवढा भाग वाचून दाखवतो.

दोन्ही एकत्र ठेवली तर काय होतं ते सांगायला भविष्यवेत्ता नको. ज्या वहीवर पुढे कोणाची तरी सही होणार आहे, त्या वहीत 'माझा तास फसला' असं कोणी लिहीत नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे सीएचबी सहकारी तर मुळीच लिहिणार नाहीत, कारण त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची असते. आणि गटातले सगळ्यात जास्त तास बऱ्याचदा तेच घेत असतात. म्हणून प्राचार्यांकडून एका पानावर लेखी घ्या: चिंतनाच्या वह्या मूल्यमापनासाठी, पदोन्नतीच्या फाईलसाठी किंवा नेमणुकीच्या निर्णयासाठी मागितल्या जाणार नाहीत. तोंडी आश्वासन पुरत नाही, प्राचार्य बदलतात. विभागप्रमुख स्वतः गटात असतील तर त्यांच्या विभागातल्या सहकाऱ्याची वाचनाची जोडी त्यांच्याशी लावू नका.

याच पानावर आणखी दोन नियम लिहून टाका. एक, बाहेरच्या नोंदीत सभासदाचं नाव फक्त हजेरीत आणि कामाच्या वाटपात येईल. 'कोण म्हणालं' ते येणार नाही. दोन, विद्यार्थ्याचं नाव किंवा हजेरी क्रमांक कुठल्याच नोंदीत येणार नाही.

पायरी ३: बैठकीची नोंद

आपल्या संस्थांमध्ये इतिवृत्ताचा जो ठसा वर्षानुवर्षं चालत आला आहे, तो असा:

'समन्वयकांनी उपस्थितांचे स्वागत केले. मूल्यमापनाच्या नवनवीन पद्धतींवर सविस्तर चर्चा झाली. सर्व सदस्यांनी उत्स्फूर्तपणे सहभाग घेतला. आभारप्रदर्शनाने बैठकीची सांगता झाली.'

तारीख बदलली की हे इतिवृत्त कुठल्याही बैठकीला चालेल. तीन आठवड्यांनी वाचणाऱ्याला यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी पाच मथळे धरा: मागच्या वेळी काय ठरलं होतं आणि किती झालं, वर्गातून काय आलं, कशावर मतं जुळली नाहीत, आज काय ठरलं, पुढच्या वेळी कोण काय आणणार. त्याच बैठकीची नोंद मग अशी दिसेल:

'बैठक ३. उपस्थित ८. मागचं ठरलेलं: प्रत्येकाने एका तासाच्या शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर विचारायचा. सहा जणांनी केलं. दोघांचे तास परीक्षेच्या कामामुळे बुडाले. वर्गातून आलेलं: लेखाशास्त्रात घसाऱ्याचं (वापराने घटणाऱ्या किमतीचं) गणित बहुतेकांना येतं, पण घसारा म्हणजे बाजूला काढलेली रोकड असं निम्म्याहून अधिकांना वाटतं. रसायनात उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, अशी उत्तरं बरीच. दोन्ही वर्गांत व्याख्या पाठ आहेत. मतभेद: चिठ्ठीवर नाव असावं का. नाव नसेल तर थट्टा होते, असं काहींचं म्हणणं. नाव असेल तर कोरी चिठ्ठी येते, असं इतरांचं. निर्णय झाला नाही. पुढच्या वेळी दोन वर्गांत दोन्ही करून पाहायचं. ठरलं: याच मुद्द्यावर दुसऱ्या बाजूने प्रश्न तयार करून पुन्हा विचारायचा. पुढच्या वेळी: प्रत्येकाने चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्यातले दोन नमुने.'

एवढं एका पानात बसतं. मतभेदाची ओळ काढून टाकायचा मोह होतो, कारण इतिवृत्तात एकमत दाखवायची आपल्याला सवय आहे. ती ओळ ठेवाच. मार्चमध्ये मागे वळून पाहताना गटाने खरंच काय शिकलं ते बहुधा या ओळींवरूनच कळतं. निर्णय न झाल्याची नोंदही निर्णयाइतकीच कामाची असते.

नोंद घ्यायचं काम पाळीपाळीने द्या, पण समन्वयकाने त्याच बैठकीत ते करू नये. चर्चा चालवणारा आणि लिहिणारा एकच असला की दोन्ही कामं बिघडतात. नोंद ४८ तासांत सगळ्यांना पाठवा. आठवडा उलटला तर मतभेद पुसट होतात आणि मजकूर आपोआप 'सविस्तर चर्चा झाली'कडे सरकतो. दुरुस्त्यांसाठी तीन दिवस द्या, मग नोंद पक्की करा. व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप जाऊ दे, पण नोंद तिथे ठेवू नका. शुभेच्छांच्या फुलांखाली ती महिन्याभरात गाडली जाते.

फाईलला नाव देताना तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आधी लिहा: '२०२५-०८-१२ बैठक ३'. दिवस आधी लिहिला तर ऑगस्टची नोंद जानेवारीच्या नोंदीत मिसळते आणि मार्चमध्ये शोधाशोध होते.

फोटो काढायचाच असेल तर टेबलाभोवती बसून कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या लोकांसोबत फळ्यावरच्या लिखाणाचाही काढा. पहिला फाईलला लागतो, दुसरा तुम्हाला.

पायरी ४: वर्गातला माल

चर्चेला काहीतरी हातात धरण्याजोगं हवं. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे तासाच्या शेवटची चिठ्ठी. पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे करा. ६० विद्यार्थ्यांना १५ कागद पुरतात. तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. प्रश्न एकच विचारा आणि तो असा निवडा की पाठांतराने उत्तर देता येणार नाही.

घसाऱ्याचं उदाहरण पुढे नेऊ. 'यंत्राची किंमत १,००,००० रुपये, घसारा १० टक्के. वर्षअखेरीस १०,००० रुपये घसाऱ्याची नोंद केली. या नोंदीमुळे बँकेतली शिल्लक कितीने कमी झाली?' उत्तर: अजिबात नाही. घसारा हा खर्च आहे, पण त्या नोंदीत पैसा बाहेर जात नाही. ज्याला जमाखर्चाची नोंद तोंडपाठ आहे तोही इथे अडकतो, म्हणूनच प्रश्न चांगला.

चिठ्ठ्या तपासायच्या नाहीत, गठ्ठे करायचे. तीन गठ्ठे: बरोबर; चूक, पण त्या चुकीमागे काही विचार दिसतो अशी; कोरी किंवा अर्थ लागत नाही अशी. ६० चिठ्ठ्यांना सरावाने पंधरा मिनिटं लागतात. गुण देऊ नका. गुण दिले की पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून उतरवलेली उत्तरं मिळतात. प्रत्येक गठ्ठ्याची संख्या लिहून ठेवा आणि दोन-दोन नमुन्यांचे फोटो काढा, म्हणजे एका वर्गाचे सहा. ही संख्या पुरेशी आहे. सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवणारे लोक नंतर एकही पाहत नाहीत.

नमुने निवडताना एक खोड हमखास लागते: सुवाच्य, बरोबर, छान उत्तरं पुढे येतात. मधल्या गठ्ठ्यातले नमुने सगळ्यात मोलाचे असतात. 'शिल्लक १०,००० ने कमी, कारण नवीन मशीन घ्यायला ते वेगळे ठेवले' हे उत्तर चुकीचं आहे, पण विद्यार्थ्याच्या डोक्यात घसारा म्हणजे काय आहे ते इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसणार? अशी ओळ विद्यार्थ्याच्या शब्दांत, त्याच्याच शुद्धलेखनासह उतरवा. सुधारू नका.

तोच विद्यार्थी तीन आठवड्यांनी काय म्हणतो हे पाहायचं असेल आणि नाव तर नको आहे, तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात खूण लिहायला सांगा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाईल क्रमांकाचे शेवटचे दोन अंक. विद्यार्थ्याला ती पुन्हा आठवते आणि तुम्हाला तो कोण ते कळत नाही. खुणांची यादी मात्र हजेरीपत्रकाशी जुळवून पाहायची नाही. तो मोह आवरत नसेल तर खूणही नको.

या सामग्रीवर पुढे शोधनिबंध लिहायचा विचार असेल तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि विद्यार्थ्यांची संमती सुरुवातीलाच घ्या. काम झाल्यावर मागची तारीख टाकून संमती घेता येत नाही. फक्त आपल्या वर्गात सुधारणा करायची असेल तरीसुद्धा विद्यार्थ्यांना सांगा की चिठ्ठ्या कशासाठी आहेत. सांगितलं की उत्तरं जास्त मोकळी येतात.

पायरी ५: चिंतन लिहिणं

नवे लोक इथेच अडखळतात. 'चिंतन' म्हटलं की पेनातून प्रवचन तरी उतरतं किंवा प्रगतिपुस्तकावरचा शेरा. नेहमीचा नमुना पाहा:

'आजचा तास छान झाला. विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला. चिठ्ठीचा उपक्रम उपयुक्त वाटला. पुढेही असे उपक्रम राबवीन.'

यातलं एकही वाक्य खोटं नसेल, तरी कामाचंही नाही. कोणत्या क्षणी काय दिसलं आणि त्याने लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं काय हललं, हे त्यात नाही. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात: काय झालं? मग त्याचा अर्थ काय? आता काय करायचं? टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये मांडलेले हे प्रश्न शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात आजही वापरले जातात. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं चक्र सहा टप्प्यांचं आहे: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. ते सत्राच्या शेवटी एखाद्या मोठ्या प्रसंगावर लिहायला चांगलं. दर बैठकीला सहा मथळे भरायला लावले की तिसऱ्या वेळी लोक रकाने भरू लागतात. भावनेचा टप्पा मात्र तिथून उचला. 'राग आला', 'लाज वाटली', 'कंटाळा आला' असा एक शब्द जरी खरा लिहिला तरी पुढचं लेखन सरळ होतं.

आता तीच नोंद या पद्धतीने:

'५८ चिठ्ठ्या. ३१ जणांनी शिल्लक १०,००० ने कमी झाली असं लिहिलं, १९ जणांनी काहीच नाही, ८ कोऱ्या किंवा न लागणाऱ्या. मला उलटं अपेक्षित होतं, कारण मागच्याच तासाला फळ्यावर गणित सगळ्यांनी सोडवलं होतं. आधी चिडचिड झाली. मग माझीच टिपणं काढून पाहिली: घसारा शिकवताना मी "दर वर्षी थोडी थोडी रक्कम काढतो" असं वाक्य वापरतो. रक्कम कुठून काढतो ते सांगत नाही. मुलांनी ते वाक्य शब्दशः घेतलं असेल तर चूक त्यांची म्हणता येत नाही. पण सगळं या एका वाक्यामुळे झालं असंही नसेल. शाळेत भिशी आणि बचत यांची उदाहरणं त्यांनी पाहिलेली असतात. पुढच्या तुकडीत ते वाक्य टाळून रोकडवहीचं पान शेजारी ठेवून शिकवायचं. या तुकडीला तीन आठवड्यांनी विचारायचं: "नवं यंत्र घ्यायला हे १०,००० रुपये कुठे ठेवलेले असतात?" तेव्हाही निम्मे अडखळले तर वाक्याचा माझा संशय चुकीचा.'

या नोंदीत आकडा आहे, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर आहे, स्वतःच्या शिकवण्यातली नेमकी जागा आहे, दुसरं कारण असू शकतं याची जाणीव आहे आणि आपला अंदाज चुकल्याचं कशावरून कळेल ते आहे. शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. 'आता काय' या प्रश्नाखाली लोक संकल्प लिहितात; तिथे तपासणी लिहायची असते.

वेळ: बैठकीतली शेवटची दहा मिनिटं, सगळ्यांनी एकत्र, गप्प बसून. लांबी १५० ते २०० शब्द. 'घरी जाऊन लिहून आणा' असं सांगितलं की पहिल्या वेळी निम्मे आणतात, तिसऱ्या वेळी कोणीच नाही. तासातच काही खटकलं तर पुस्तकाच्या कडेला एक फुली मारून ठेवा. संध्याकाळी ती फुली पाहिली की प्रसंग परत समोर येतो, नाहीतर त्या दिवशीचे चार तास एकमेकांत मिसळून जातात.

भाषा कोणती? ज्या भाषेत वर्गातला गोंधळ तुम्हाला ऐकू येतो ती. आयक्यूएसीची कागदपत्रं बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लागतात म्हणून वहीही इंग्रजीत लिहायला घेतली, तर पहिल्या ओळीपासून अहवालाचा सूर लागतो आणि चिडचिड, शंका, विद्यार्थ्याचे शब्द गळून पडतात. वही मराठीत किंवा वर्गात चालते तशा सरमिसळ भाषेत, बाहेरचा अहवाल इंग्रजीत. अनुवादाचं काम वाढतं हे खरं, पण ते वर्षातून एकदाच करायचं असतं.

पायरी ६: दिवाळीच्या सुट्टीआधी एक बैठक फक्त वाचनाची

तोवरच्या बैठकांच्या सगळ्या नोंदी सलग वाचा, मोठ्याने. दोन गोष्टींवर खूण करा: सलग दोनदा ठरूनही न झालेली कामं आणि पुन्हा पुन्हा येणारा शब्द. 'वेळ नाही' हा शब्द चार नोंदींत आला असेल, तर गटाचा खरा प्रश्न चिठ्ठ्या नसून वर्कलोड आहे, आणि त्याबद्दल प्राचार्यांशी बोलायला आता हातात कागद आहे. न झालेलं काम तिसऱ्यांदा ठरवू नका. ते काढा किंवा निम्मं करा.

मग जोड्या पाडा. प्रत्येकाने स्वतः निवडलेल्या दोन चिंतननोंदी जोडीदाराला वाचायला द्यायच्या. जोडीदाराने फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, कौतुकही करायचं नाही. 'हे तुला कशावरून वाटलं?', 'मधल्या गठ्ठ्यातली मुलं काय म्हणत होती?' असे. सल्ला न देणं प्राध्यापकांना फार जड जातं, म्हणून पहिली दहा मिनिटं समन्वयकाने कान उघडे ठेवून फिरावं आणि सल्ला ऐकू आला की थांबवावं.

सभासद कमी झाले असतील तर तेही याच वेळी नोंदवा: कोण गळलं हे नको, का गळलं एवढंच. सीएचबी सहकाऱ्यांना बैठकीच्या वेळेचं मानधन मिळत नाही. त्यांनी यावं अशी अपेक्षा असेल तर तो प्रश्न आधी सोडवायला हवा.

पायरी ७: वर्षअखेर

मार्चमध्ये प्रत्येक सभासदाने चार-पाच पानांचं टिपण लिहावं. प्रश्न काय होता, वर्गात काय केलं, दोन-तीन नमुने, काय चाललं नाही, पुढच्या वर्षी काय ठेवणार आणि काय सोडणार. वहीतला कोणता मजकूर त्यात घ्यायचा हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. 'काय चाललं नाही' हा भाग निदान अर्ध्या पानाचा असावा. तो नसेल तर टिपण परत करा.

गटाचा अहवाल या टिपणांवरून तयार होतो, आठ-दहा पानांचा. तो नॅकच्या सात निकषांच्या आराखड्यासाठी वापरायचा असेल तर निकष ६ मधला प्राध्यापक सक्षमीकरणाचा भाग आणि निकष ७ मधल्या उत्तम प्रथा या दोन जागा सरळ जुळतात. उत्तम प्रथांच्या रूढ नमुन्यात शीर्षक, उद्दिष्टं, संदर्भ, प्रथा, यशाचा पुरावा आणि आलेल्या अडचणी व लागणारी साधनं असे मथळे असतात. नोंदी वर सांगितल्याप्रमाणे ठेवल्या असतील तर अडचणींचा रकाना मतभेदांच्या ओळींतून भरतो आणि पुराव्याचा रकाना गठ्ठ्यांच्या आकड्यांतून. एरवी हेच दोन रकाने मार्चअखेर रात्री जागून बनवावे लागतात आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

यशाच्या पुराव्यात 'निकाल इतक्या टक्क्यांनी वाढला' असं वाक्य घालायचा आग्रह होतो. घालू नका. निकाल प्रश्नपत्रिकेवर, त्या वर्षीच्या तुकडीवर, तपासणीवर अवलंबून असतो. आठ प्राध्यापकांच्या चिठ्ठ्यांमुळे तो हलला असं दाखवता येत नाही, आणि पुढच्या वर्षी तो उतरला तर त्याचं खापर गटावर फुटतं. त्याऐवजी एकाच संकल्पनेवरच्या दोन प्रश्नांची उत्तरं शेजारी मांडा: पहिल्या वेळी किती जण अडकले, तीन आठवड्यांनी किती, आणि दुसऱ्या सत्रात न सांगता पुन्हा विचारल्यावर किती. तिसरा आकडा बहुतेक वेळा दुसऱ्यापेक्षा पडतो. पडू द्या. तो आकडा असलेला अहवाल जाणकार वाचक गांभीर्याने घेतो.

आवरासावर

चिठ्ठ्या आणि त्यांचे फोटो टिपणं पूर्ण झाल्यावर नष्ट करा. अहवालात घेतलेले नमुने तेवढे ठेवा. वह्या ज्याच्या त्याच्या. बाहेरचं दप्तर किमान पाच वर्षं सांभाळा. पुढच्या गटासाठी एक पान वेगळं लिहा: कोणत्या तारखा जमल्या नाहीत, कोणता प्रश्न वर्गात चालला, कोणता वाद अजून मिटलेला नाही. फोल्डर कोणाच्या खात्यावर आहे तेही आत्ताच पाहा. बहुतेक गटांचा ड्राइव्ह एखाद्या उत्साही सीएचबी सहकाऱ्याच्या खासगी जीमेलवर उघडलेला असतो. जूनमध्ये त्यांची नेमणूक दुसरीकडे झाली, त्यांनी जागा रिकामी करायला जुनी फोल्डरं पुसली, की वर्षभराच्या बैठकांच्या नोंदी त्यांच्याबरोबर जातात. संस्थेच्या खात्यावर सगळ्याची प्रत घ्या, ती उघडते का ते दुसऱ्या संगणकावर तपासा, आणि एक छापील संच ग्रंथालयात द्या.